नोकरीला लागलेल्या मुलींचे कपडे: कामावर काय, रंकाळ्यावर काय, आणि ठरवायचं कुणी?

सुमनमावशी_राजारामपुरी | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. माझी भाची येत्या सोमवारी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रुजू होतेय, क्वालिटी विभागात. मूळची गारगोटीकडची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, राहणार आमच्याकडं. मुलाखतीत मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात देऊन माप घ्यायला सांगितलं, तर तिनं आधी झीरो एरर तपासली, म्हणजे ते बंद असताना शून्य दाखवतं का ते बघितलं. तिथंच साहेब खूश झाले म्हणे. एवढी गुणाची पोर, आणि घरात गेला आठवडाभर चर्चा कशाची, तर ती काय घालून जाणार याची.

बहिणीचं म्हणणं, पंजाबी ड्रेसच घालायचा आणि ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून. शेजारच्या काकू म्हणतात, पहिले सहा महिने अगदी साधं राहावं, मग काय ते बघावं. पुण्यातली मैत्रीण म्हणते, शर्ट आणि ट्राउझर घे, नाहीतर तुला कुणी इंजिनिअर समजणार नाही. रुजू होण्याच्या पत्रात कपड्यांबद्दल एकच ओळ आहे, 'सभ्य पोशाख अपेक्षित'. त्यावरून दुकानात जाऊन काय घ्यायचं ते मला तरी कळलं नाही.

दुसरा विषय सुट्टीच्या दिवसाचा. कॉलेजच्या मैत्रिणी इथंच आहेत, रविवारी रंकाळ्यावर जाणार, कधी पन्हाळ्याला जाणार. तिनं मला विचारलं, 'मावशी, जीन्स आणि आखूड टॉप चालेल ना तुमच्या गल्लीत?' मी चालेल म्हणाले. रात्री बहिणीचा फोन आला, 'तुझ्या जिवावर पाठवतेय हं पोरीला.' म्हणजे आता कपड्यांची जबाबदारीही माझ्यावर.

माझं मत सांगून टाकते. कामावरचा कपडा कामानं ठरवावा आणि सुट्टीतला जिचा तिनं. पण मी शिवणकाम सोडून बाहेर कधी नोकरी केलेली नाही. कारखान्यात, ऑफिसात, दुकानात जाणाऱ्यांनी सांगावं. खरेदी शनिवारी महाद्वार रोडला करायची आहे.

---

टूलरूम_शिरोली | मंगळवार, रात्री ९.४८

मावशी, पहिली गोष्ट ओढणी. दोन पिना लावा नाहीतर चार लावा, शॉपवर, म्हणजे मशिनं चालतात तिथं, ओढणी नको. ठाम सांगतोय.

मी शिरोलीत मशिनशॉप बघतो. स्पिंडल, म्हणजे मशिनचा फिरणारा दांडा, कापड ओढतो तेव्हा माणसाला हात मागं घ्यायला वेळ मिळत नाही. आमच्याकडं एका पोराच्या शर्टाच्या बाहीचं बटण तुटलेलं होतं, बाही लोंबत होती. रेडियल ड्रिलवर जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) धरायला वाकला आणि बाही गुंडाळली गेली. शेजारच्यानं इमर्जन्सी बटण दाबलं म्हणून मनगटावरच निभावलं. एका बाहीनं एवढं होतं, ओढणी तर सव्वादोन मीटर असते आणि ती गळ्याभोवती असते.

आणि हे माझ्या मनाचं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम २२ बघा, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. चालू मशिनजवळ तपासणीसाठी जायचं असेल तर अंगाला घट्ट बसणारे कपडे हवेत आणि ते मालकानं द्यायचे, असं तिथं लिहिलेलं होतं. खटकायचं ते एवढंच की त्याच कलमात हे काम प्रशिक्षित पुरुष कामगारानंच करायचं म्हटलं होतं आणि बायकांना चालू मशिनच्या साफसफाईला, तेलपाण्याला मनाई केली होती. तो काळच तसा होता. आज आमच्याकडं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशिनवर, पोरी काम करतात आणि त्यांचे पीस कमी बाद होतात.

क्वालिटीवाल्यांना वाटतं आपण एसी खोलीत बसणार. तसं नसतं. पहिला पीस चेक करायला मशिनपाशी जावं लागतं, दिवसातनं कितीतरी वेळा. म्हणून:

बाही कोपरापर्यंत किंवा मनगटाला बटण लावून घट्ट. कुर्ती घातली तरी आखूड, घेर नको, पुढं नाडी-गोंडे नकोत. पँटची मोहरी बारीक. केस वर बांधून टोपीच्या आत, वेणी सोडलेली अजिबात नको. बांगड्या, अंगठी, गळ्यातली साखळी लॉकरमधे. हे पोरांनाही लागू आहे, कडं घालून येणाऱ्या पोराला मी गेटवरून परत पाठवतो. ड्रिल किंवा लेथवर हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत, तेही ओढले जातात.

फौंड्रीत, म्हणजे धातू ओततात तिथं, जाणं असेल तर कापड सुतीच. पॉलिस्टर, नायलॉनवर वितळलेल्या धातूचा थेंब पडला तर कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती जळतं, पण चिकटत नाही.

---

मीरा_शाहूपुरी | मंगळवार, रात्री १०.२०

टूलरूमदादा, या प्रतिसादाची प्रिंट काढून आमच्या आईला देणार आहे. 'हे घालू नकोस' यापुढं 'कारण' असू शकतं हे कपड्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदा वाचतेय.

माझं काम कॉम्प्युटरवरचं, टेंबलाईवाडीकडं छोटं ऑफिस आहे. आमच्याकडं नियम काहीच नाही, आणि तोच त्रास आहे. लिहिलेलं काही नसलं की प्रत्येक जण नियम सांगतो. शर्ट-पँट घातली तर 'आज मीटिंग आहे वाटतं'. साडी नेसले तर 'आज काय विशेष, बघायला येणार आहेत का'. स्लीव्हलेस कुर्ती घातली त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण दुपारी एका ज्येष्ठ बाईंनी चहाच्या वेळी बाजूला घेऊन 'स्टोल ठेवत जा गं जवळ' म्हणून सांगितलं. त्यांनी मायेनंच सांगितलं, हेही मला कळतं. पण माझ्या शेजारी बसणारा मुलगा तीन दिवस तोच चुरगळलेला टी-शर्ट घालून येतो, त्याला मायेनं कुणी काही सांगत नाही.

कामाच्या दिवसात कपड्यांवर किती विचार जातो हे मुलांना सांगून पटणार नाही. सकाळी कपाट उघडल्यावर मी हवामान बघत नाही. आज केबिनमधे कोण कोण असणार, ते आठवते.

---

शहाजी_बावडा | बुधवार, सकाळी ७.३५

सगळ्यांचं वाचलं. मी दोन मुलींचा बाप आहे, म्हणून वेगळं लिहितोय, राग मानू नये.

मशिनवर ओढणी नको, हे पटलं. पण बाकीचं मत माझं जुनंच आहे. मुलींनी बाहेर पडताना अंगभर, साधं घालावं. कोल्हापूर अजून मोठं गाव आहे, इथं पेठेत पेठ ओळखते. तोकडं घातलं की नजरा जातात, चार पोरं मागं लागतात, आणि मग सोसावं मुलीलाच लागतं. जगानं कसं असावं हे बोलून उपयोग नाही, जग जसं आहे तशात पोरीला सुखरूप घरी यायचंय. त्यातून आपल्या गावाला एक परंपरा आहे, अंबाबाईचं गाव आहे, तेही बघायला हवं.

---

मीरा_शाहूपुरी | बुधवार, सकाळी ९.०५

शहाजीकाका, राग नाही. पण एक सांगते. मला आजवर सगळ्यात वाईट अनुभव आला तो कॉलेजात असताना, भर दुपारी, गर्दीच्या बसमधे. अंगावर युनिफॉर्मचा पंजाबी ड्रेस होता, बंद गळा, ओढणीला दोन्हीकडं पिना. तुम्ही सांगताय तसंच सगळं. घरी सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, 'तू काय घातलं होतंस?' मी अंगावरच्या ड्रेसकडं बोट दाखवलं.

त्या माणसानं काय घातलं होतं ते मला आजही आठवतं. ते मात्र कुणी विचारलं नाही.

---

धनश्री_एचआर | बुधवार, दुपारी १.१५

मी कागलच्या पंचतारांकित वसाहतीत मनुष्यबळ विभागात आहे. दोन गोष्टी वेगळ्या करू या, कारण इथं त्या एकत्र झाल्यात आणि ऑफिसांतही होतात.

एक म्हणजे कपड्यांचा नियम. कंपनीला तो करता येतो. पण तो लिहिलेला असावा, कारण दिलेलं असावं आणि बायका-पुरुष दोघांना असावा. 'सभ्य पोशाख' या दोन शब्दांवर कुणालाच वागता येत नाही. सुमनताई, भाचीला सांगा, पहिल्या दिवशी नव्हे, आत्ताच ईमेल करून विचार: शॉपवर पँट-शर्ट चालतो का, कंपनी ॲप्रन किंवा युनिफॉर्म देते का, सेफ्टी शूज कधी मिळतील. असं विचारणाऱ्या मुलीबद्दल कुणाचंही मत वाईट होत नाही. माझं तर चांगलंच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शेरे आणि नजरा. त्याला कपड्यांचा नियम लागत नाही, त्याला २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागतो. १० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. त्याहून लहान जागा असेल, मीराचं ऑफिस असेल कदाचित, तर जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत. लैंगिक अर्थाची शेरेबाजी त्यात स्पष्ट येते. त्या मुलीनं काय घातलं होतं हा मुद्दा त्या कायद्यात कुठंही नाही. वर्तन तिला नको होतं का, एवढंच बघायचं.

शहाजीभाऊंसाठी आणखी एक. २०२२ मध्ये केरळात कोझिकोडच्या सत्र न्यायालयानं एका जामिनाच्या आदेशात तक्रारदार बाईचे कपडेच उत्तेजक होते असा शेरा मारला होता. दोनच महिन्यांनी केरळ उच्च न्यायालयानं जामीन तसाच ठेवला, पण तो शेरा आदेशातून काढून टाकला. आरोपीला सवलत देतानासुद्धा कपड्यांचं कारण टिकलं नाही.

---

शाळेतली_ताई | बुधवार, दुपारी ४.५०

आमचा नियम लिहिलेला आहे, त्यामुळं तेही सांगते. मार्च २०२४ मध्ये शिक्षण विभागानं शिक्षकांसाठी पोशाखाचं पत्रक काढलं. आम्हाला साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. पुरुषांना फिकट शर्ट, गडद पँट, शर्ट खोचलेला. जीन्स, टी-शर्ट कुणालाच नाही. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कार्यालयांसाठी असंच निघालं होतं, पुढच्या वर्षी त्यातली जीन्सवरची बंदी उठली.

लिहिलेलं असलं की वाद कमी होतात हे धनश्रीताईंचं बरोबर. पण लिहिणाऱ्यानं आमचं काम बघितलेलं असावं. मी पहिली-दुसरीला आहे. दिवसभर खाली बसणं, उठणं, मैदानावर पोरांमागं धावणं, शाळा पाझर तलावाच्या पलीकडं, पावसाळ्यात चिखल. साडीत ते होतं, आमच्या आधीच्या बाईंनी पस्तीस वर्षं केलं. कुर्ता-सलवार सोपं पडतं. ट्राउझर आणि लांब कुर्ता आणखी सोपं पडलं असतं.

---

पेठकर_काका | बुधवार, रात्री ८.४०

शहाजीराव परंपरा म्हणाले म्हणून लिहितो. वय झालंय, आमच्या घरात आजी नऊवारी लुगड्यात शेतात भांगलण करायची, काष्टा मारलेला, पोटऱ्या उघड्या. त्या काळी कुणाला त्यात काही गैर दिसलं नाही, कारण काम तसंच होतं. पायात घोळणारी पाचवारी आली ती नंतर.

आणि कोल्हापूरची परंपराच बोलायची तर शाहू महाराजांची सांगा. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलगा शिवाजी १९१८ साली अपघाती गेला, तेव्हा कोवळ्या वयात विधवा झालेल्या सूनबाई इंदुमतीदेवींना सोनतळीला ठेवून शिकवलं. घरच्यांचा विरोध होता. लोक काय म्हणतील हे महाराजांनाही माहीत होतंच की.

देवळाचं वेगळं. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना देवस्थान सांगेल तसं जावं, पुरुषानंही. तिथं मी वाद घालणार नाही. पण देवळाच्या दारातला नियम रंकाळ्याच्या कट्ट्यावर आणि एमआयडीसीच्या गेटवर आणू नये.

---

नियमित_वाचक | बुधवार, रात्री ९.०२

काका, २०१६ मध्ये बायकांच्या गाभारा प्रवेशाच्या वेळी साडी की पंजाबी ड्रेस यावरून देवळात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. तो विषय इथं नको, धागा भरकटेल.

---

मुंढा_बाही | बुधवार, रात्री ११.३०

सुमनताई, दुकान बंद करून आत्ता वाचलं. माझं लेडीज टेलरिंग आहे, नोकरीवाल्या मुलीच जास्त येतात. तुम्हीही शिवता म्हणजे भाषा कळेल. महाद्वार रोडला तयार कुर्त्या घेण्यापेक्षा कापड घ्या आणि शिवा, किंवा माझ्याकडं घेऊन या. का ते सांगते.

तयार कुर्तीत तीन गोष्टी वाईट असतात. मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो भाग, घट्ट असतो, हात वर केला की सगळी कुर्ती वर सरकते. मापं घेणाऱ्या पोरीचा हात सारखा वर-पुढं जाणार. मुंढा अर्धा इंच सैल ठेवा आणि बाही कोपराच्या जरा खाली, म्हणजे लोंबत नाही आणि काखेत काचत नाही.

दुसरं, गळा. ट्रायल घेताना मुली आरशासमोर ताठ उभ्या राहून बघतात. कामावर कोण ताठ उभं असतं? माझ्याकडं मी टेबलावर कात्री ठेवते आणि म्हणते, वाकून उचल. वाकल्यावर गळा पुढं पडला तर खांद्याला आत घ्यायचं किंवा गळा एक बोट वर. मग दिवसभर हातानं गळा सावरत बसावं लागत नाही. हे मी लोकांच्या नजरेसाठी करत नाही. दोन्ही हातात जॉब धरलेला असताना तिसरा हात गळ्याला कुठून आणायचा, म्हणून करते.

तिसरं, खिसा. पुरुषांच्या शर्ट-पँटीला मिळून चार-पाच खिसे, आणि मुलीच्या कुर्तीला एकही नाही. मोबाईल, पेन, आयकार्ड, गेटपास, लॉकरची किल्ली ठेवायची कुठं? पर्स शॉपवर नेता येत नाही. मी आता न विचारता उजव्या बाजूच्या शिलाईत खिसा काढते, पॉकेटिंगचं जाड कापड लावून, पंजा आत जाईल एवढा खोल. एका नर्सबाईंनी परत येऊन फक्त खिशासाठी चार जुने ड्रेस उसवून दिले माझ्याकडं.

कापड सुती घ्या, इचलकरंजीचं पॉपलीन चांगलं पडतं, स्वस्तही. शिवायच्या आधी रात्रभर भिजत घालून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात उंची जाते. शिलाईत माया, म्हणजे आत जादा कापड, भरपूर ठेवा, नोकरीच्या पहिल्या वर्षात मुलींचं वजन बदलतं, कुणाचं कॅन्टीननं वाढतं तर कुणाचं दगदगीनं उतरतं. पांढरा आणि फिका रंग अस्तराशिवाय नको. जुलैत आपल्याकडं आडवा पाऊस येतो, रेनकोट असूनही पुढची बाजू भिजते, आणि मग दिवसभर फाइल छातीशी धरून फिरावं लागतं. पँटीला मागच्या बाजूला पट्ट्यात इलॅस्टिक, पुढं सपाट, म्हणजे बसता-उठता काचत नाही आणि दिसतेही नीट.

माझा अनुभव असा की जो कपडा घातल्याचं मुलगी दिवसभर विसरून जाते, तो कामाचा कपडा.

---

टूलरूम_शिरोली | गुरुवार, सकाळी ६.५०

मुंढा_बाही ताई, वाकून कात्री उचलायची परीक्षा लई भारी. आमच्या ट्रेनिंगमधे घेतो ही.

---

अनामिक_सेल्सगर्ल | गुरुवार, दुपारी ३.१०

पहिल्यांदाच लिहितेय. सगळ्या इंजिनिअर मुलींचं चाललंय, आमचंही सांगते. एका मोठ्या कापड दुकानात काम करते, नाव सांगत नाही. आम्हाला दुकानाची साडी आहे, सिंथेटिक, दोन दिल्यात वर्षाला. त्यातली एक धुवून वाळत घालायची आणि दुसरी नेसायची. सकाळी दहा ते रात्री साडेआठ उभं. उन्हाळ्यात पाठ पूर्ण भिजते, कमरेला नाडी बांधतो तिथं काळा वण पडलाय, कातडी सोलते. मुलांना शर्ट-पँट आहे.

मालक वाईट नाहीत. ग्राहकाला साडी नेसलेली बाई बरी वाटते म्हणतात. मला साडीचा राग नाही, घरी लग्नाकार्यात हौसेनं नेसते. फक्त ती सुती द्या आणि मधे बसायला स्टूल द्या, एवढंच मागणं होतं. मागितलं तर 'मग दुसरी मुलगी बघतो' म्हणाले.

---

धनश्री_एचआर | गुरुवार, दुपारी ४.००

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ थांबले. केरळनं २०१८ मध्ये दुकान कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसायचा हक्क दिला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये. दोन्हीकडं मागणीच्या मागं कापड दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका होत्या. एकटीनं मागू नका. दुकानातल्या सगळ्या जणी मिळून सहीचा साधा अर्ज द्या. वण पडलाय तो त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि चिठ्ठीवर कारण लिहून घ्या, अर्जाला जोडता येईल. नाडीऐवजी इलॅस्टिकचा रुंद पट्टा असलेला परकर मिळतो, तोवर तो वापरून बघा.

---

मुंढा_बाही | गुरुवार, दुपारी ४.२२

पट्ट्याचा परकर मी शिवून देते. माझ्या दुकानात या. पैशाचं बोलू नका.

---

शहाजी_बावडा | गुरुवार, रात्री ८.१५

मीरा, तुझं वाचून वाईट वाटलं. माझ्या मुलीचं असतं तर मी त्या बसमधे काय केलं असतं सांगता येत नाही.

तरीही मत तेच आहे, खोटं कशाला लिहू. कायदा तुमच्या बाजूनं आहे, कोर्ट आहे, समिती आहे. पण रात्री साडेआठला कावळा नाक्यावर बसची वाट बघताना पोरीजवळ समिती उभी नसते. बापाला तेवढंच दिसतं.

---

सुमनमावशी_राजारामपुरी | गुरुवार, रात्री ९.३०

शहाजीभाऊ, ही भीती मलाही आहे. पण साडेआठच्या भीतीवर ओढणी हा उपाय नाही, हे मीरानं सांगितलंच. त्याला उपाय म्हणजे कंपनीची बस, स्टॉपवर दिवा, आणि उशीर झाला तर घरापर्यंत सोडणारी गाडी. मी आज भाचीकडून विचारून घेतलं, कंपनीची बस आहे, पण शाहू नाक्यापर्यंतच. आता पुढचं मागू या ना! आपण बापलोक, मावश्या, आया कंपनीला बस मागायला कधी गेलो नाही. पोरीलाच कपडे बदलायला सांगत आलो. तुमच्या बावड्यातल्याही मुली त्या पट्ट्यात येत असतील. एक अर्ज करू, त्यावर पहिली सही मी करते, दुसरी तुमची मला हवी आहे.

गाडीवरून जायचं म्हटलं तर तेही कुणी सांगा. घरात मोपेड आहे.

---

पेठकर_काका | गुरुवार, रात्री ९.५५

मोपेडवर ओढणी, साडीचा पदर, स्टोल मागं सोडू नये. मोटरसायकलवर मागं बसायचं असेल तर चाकाची जाळी बघून बसावं. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत नियम १२३ आहे, मागच्या माणसाला धरायला कडी, पायटे आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल अशी जाळी असलीच पाहिजे. हल्लीची पोरं गाडी सुंदर दिसावी म्हणून पहिल्या दिवशी ती जाळी काढून टाकतात. नातवाची मी परत बसवून घेतली.

---

शहाजी_बावडा | गुरुवार, रात्री १०.४०

बसच्या अर्जावर सही करतो. रविवारी येतो राजारामपुरीत. आमच्या गल्लीतले आणखी दोघे आहेत, त्यांच्या मुली गोकुळ शिरगावलाच जातात.

---

सुमनमावशी_राजारामपुरी | शनिवार, रात्री ८.२०

खरेदी झाली. दोन ट्राउझर, एक नेव्ही, एक राखाडी. तीन आखूड कुर्त्यांचं कापड, पॉपलीन, आत्ता बादलीत भिजतंय. दोन शर्ट तयार घेतले, मुंढा सैल बघून, आणि दुकानात तिला वाकायला लावलं. दुकानदार बघत राहिला, बघू दे. ओढण्या बहिणीनं पाठवलेल्या आहेत त्या सणावारासाठी कपाटात ठेवल्या. बहिणीला टूलरूमदादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती गप्प झाली, मग म्हणाली, 'मग केसांना जाळी घेतलीस का?'

रविवारची जीन्सही घेतली. टॉप तिनं स्वतः निवडला, मी मत दिलं नाही. कोल्हापुरी चप्पल मात्र तिला माझ्याकडून. पावसात घालू नकोस एवढं बजावलं, भिजली की कातडं फुगतं.

पुढचं तीच लिहिते म्हणतेय.

---

सुमनमावशी_राजारामपुरी (भाची लिहितेय) | शनिवार, रात्री ८.३५

सगळ्यांना नमस्कार आणि मनापासून आभार. धनश्रीताईंनी सांगितल्याप्रमाणे मी ईमेल केला होता. काल उत्तर आलं. शॉपवर जाताना कंपनीचा हाफ कोट आहे, मुलांना आणि मुलींना एकच. ओढणी, स्टोल, दागिने, कडं, सैल शर्ट शॉपवर चालत नाहीत, सगळ्यांनाच. ऑफिसात बसताना अडचण नाही. पुढच्या बॅचपासून हे पत्रातच लिहू, असंही त्यांनी कळवलंय.

एकच अडचण राहिलीय. सेफ्टी शूज कंपनी देते, पण स्टोअरमधे सगळ्यात लहान साईज ६ आहे. माझी ४. तिथल्या भाऊंनी सांगितलं, पुढं कापूस भरून घाल, आधीच्या मॅडम तसंच करायच्या. चालेल का?

---

टूलरूम_शिरोली | शनिवार, रात्री ८.५२

अजिबात चालणार नाही. मोठ्या बुटात पाय पुढं सरकतो, स्टीलची टोपी बोटांच्या वर यायला पाहिजे ती पुढं जाते, आणि जॉब पडला तर नेमकी बोटं उघडी. शिवाय जिन्यावर अडखळशील. बायकांच्या साईजचे शूज कंपन्या बनवतात, डीलरकडं ऑर्डर दिली की आठवड्यात येतात. स्टोअरच्या भाऊंना सांगू नको, सेफ्टी ऑफिसरला लिही, साईज टाकून. शूज येईपर्यंत मशिनजवळ जायचं नाही, पीस टेबलवर मागवून घ्यायचा. आणि ऑर्डर करायला सांगतेस तर दोन जोड सांग, तुझ्यानंतरही कुणीतरी येणार आहे.